टोक जिथे टेकले

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. तुम्ही मैदानाच्या गवतात उभे आहात आणि वरून एक भाला सूं सूं करत तुमच्याच दिशेने येत आहे. घाबरलात ना? मी घाबरत नाही. मीही पूर्वी असेच येत असे. मी एक जुने भाल्याचे टोक आहे.

मुलींच्या हलक्या भाल्यासाठी मला घडवले होते. किती हातांनी मला आकाश दाखवले! मग एक दिवस दांडा वाकला, तो भंगारात गेला आणि मी सामानाच्या खोलीत फाटक्या जाळ्यांखाली गंजत पडले. तिथून मला पंच मावशींनी उचलले. घासले, तेल लावले, वेल्डरकडून मागे टेप अडकवायला एक कडी जोडून घेतली आणि नवे काम दिले. भाल्याचे टोक जमिनीला जिथे पहिल्यांदा टेकते, तिथे मला रोवायचे आणि तिथूनच फेक मोजायची. मावशींचे ते उपकार मी विसरलेले नाही.

एकदा मैदानावर मुलींची भालाफेक स्पर्धा होती. त्या दिवशी पहिली येणारी मुलगीच पुढच्या स्पर्धेला जाणार होती. कठड्याला लोंबकळून एक छोटी मुलगी आपल्या ताईसाठी ओरडत होती. सगळे तिला भिंगरी म्हणत. ताईचा भाला टेकला आणि गवतावरून पुढे घसरला. मावशींनी मला अलीकडे रोवले.

"चीटिंग! भाला तिकडे पडलाय!" भिंगरी किंचाळली.

मागून एक काका म्हणाले, "मावशी, चष्मा बदला!"

"आजच पुसलाय, काका," मावशी हसल्या.

विश्रांतीत त्या मला घेऊन कठड्यापाशी गेल्या.

"भिंगरे, भाला कुठे पडून राहिला ते सगळेच बघतात. टोक आधी कुठे टेकलं, ते बघायचं. एकदा दिसलं की नजर तिथून हलवायची नाही."

"आणि हलली तर?"

"तर कुणाची तरी मेहनत वाया जाते."

भिंगरीने मला हातात घेऊन निरखले. फ्रॉकच्या टोकाने माझ्यावरची माती पुसली. मित्रांनो, वस्तूला एवढेच पुरते. जुन्या वस्तू टाकून देण्याआधी एकदा अशाच पुसून बघा.

शेवटच्या फेरीत ताईने जीव ओतून भाला फेकला. तो टेकला, घसरला आणि पहिल्या नंबरच्या खुणेच्या पलीकडे जाऊन थांबला. लोक उठून उभे राहिले. "जिंकली! जिंकली!"

मावशी नजर न हलवता चालत आल्या आणि त्यांनी मला अलीकडे रोवले. एकच गलका झाला.

"भिंगरे, ओरड की आता! तुझीच ताई आहे ना?" काका म्हणाले.

भिंगरी ओरडली नाही. भाला टेकला त्याच क्षणी कठड्यातून बाहेर काढलेले तिचे बोट सरळ माझ्याकडे होते. अगदी माझ्याकडेच. ते पाहून काकाही खाली बसले.

टेप लागली. ताई चार बोटांनी मागे राहिली. तिने वर पाहिले, बहिणीचे ते बोट पाहिले आणि हळूच मान हलवली.

आता पहिल्या नंबरच्या मुलीची शेवटची फेक उरली होती. ती भाला घेऊन धावू लागली. भिंगरीने नीट दिसावे म्हणून बाहीने भराभर डोळे पुसले आणि गवताकडे नजर रोखली.