कुठल्या चाकात हवा कमी?

दोघी बहिणींनी मिळून एकच गाडी घ्यायची ठरवली तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "लहानपणी एका छत्रीवरून भांडायचात. बघा बुवा."

गाडी बॅटरीवर चालणारी, आणि बॅटरी संपली की पेट्रोलवर. थोरलीला हे फार पसंत होतं. तिचं चष्म्याचं दुकान जवळच, दिवसभर लोकांची नजर तपासायची आणि परत यायचं. तेवढं अंतर बॅटरीवर सहज होई. धाकटी पोहायला शिकवायची, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या तलावावर. ती गाडी घेऊन गेली की बॅटरी संपूनच परत यायची. वर कित्येकदा ती चार्जिंगची वायर लावायलाही विसरे.

"वायर लावायला किती वेळ लागतो गं?" थोरली फोनवर विचारायची.

"ओल्या केसांनी घरी पळत होते ताई. आणि पेट्रोल आहे की गाडीत!"

"मग साधी पेट्रोलचीच घ्यायची होती."

असं आठवड्यातून दोनतीनदा व्हायचं आणि विरून जायचं. आई गेल्यापासून बाबा थोरलीकडे राहत होते. त्यांच्या गोळ्या, पथ्य, डॉक्टर, सगळं तीच बघायची. धाकटी त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायची, रोज वर डोकावायची आणि बाबांना हसवून जायची. भांडण खरं कशावरून आहे, हे दोघींनाही माहीत होतं. पण बोलायचं ते वायरवरून.

मग एका सकाळी गाडीच्या पडद्यावर पिवळा दिवा लागला. डाव्या पुढच्या चाकात हवा कमी. आकडा अठ्ठावीस, पाहिजे होता छत्तीस.

थोरली पंपावर गेली. तिथलं यंत्र त्याच चाकाला छत्तीस दाखवत होतं. पंपावरचं यंत्र, किती जणांनी आपटलं असेल, त्याचा काय भरवसा, असं म्हणून तिने आणखी हवा भरली आणि दुकान उघडायला उशीर होतोय म्हणून तशीच निघाली. दिवा काही विझला नाही. रस्त्यात विझेल, असं ती धरून चालली.

संध्याकाळी धाकटीने पाहिलं तर पुढच्या चाकाचा आकडा होता तसाच, आणि डाव्या मागच्याचा चव्वेचाळीसवर चढलेला.

"ताईने भलत्याच चाकात भरलेली दिसते," ती स्वतःशीच पुटपुटली. इमारतीच्या आवारात उकिडवी बसून तिने किल्लीच्या टोकाने मागच्या चाकातली हवा अंदाजाने सोडून दिली. पुढच्यात उद्या भरू म्हणाली. लगेच क्लासच्या मुलांच्या आयांचे फोन सुरू झाले आणि ती वर पळाली.

दुसऱ्या दिवशी थोरलीने गाडी सुरू केली. पुढचं चाक एकवीस! तिने तिथूनच धाकटीला फोन लावला.

"तू हवा भरलीस की काढलीस?"

"काढली. मागच्यातली. तूच तिथे भरून ठेवली होतीस ना!"

"मी पुढच्यात भरली. मला पुढचं-मागचं कळत नाही का?"

"मला काय विचारतेस? गाडीला विचार."

"गाडीलाच विचारलं. ती म्हणते, हवा गेली. आणि गाडी काल तुझ्याकडे होती."

धाकटीने फोन ठेवला. थोरलीने पंपाच्या यंत्रालाही शिव्या घातल्या, धाकटीलाही, आणि गाडी जागेवर ठेवून पायी दुकानात गेली.

दोघींची तोंडं दोन दिशांना, पण शनिवारी आत्याकडे जायचंच होतं. बाबांची ही बहीण नुकतीच इस्पितळातून घरी आली होती आणि भावाची वाट बघत बसली होती. सकाळी थोरली स्टिअरिंगवर, शेजारी धाकटी, मागे बाबा. दिवा चालूच होता. "वाटेत बघू," एवढं एकच वाक्य झालं.

शहराबाहेरच्या मोठ्या वळणावर गाडी मागून डगमगली. थोरलीने वेग उतरवला आणि एका बंद गोदामासमोर गाडी बाजूला घेतली.

"पुढचं चाक बसलं असणार," ती म्हणाली.

धाकटी उतरली, पुढच्या चाकाला लाथ मारून पाहिली. "हे तर दगडासारखं आहे."

"पडद्यावर एकोणीस आहे!"

"मग पडदा खोटं बोलतोय."

"का म्हणून खोटं बोलेल? बोलायला शिकवलंय कुणी त्याला?"

मागून बाबा वैतागून म्हणाले, "अगं, एक आत बसा, एक बाहेर, आणि काय दिसतं ते एकमेकींना सांगा. एवढंच मागतोय मी तुमच्याकडे, कधीपासून."

थोरली पडद्याकडे वळली. मग धाकटी वाकली. "ताई, मी पुढच्या चाकातली हवा सोडतेय. आकडा बघ."

हवा फुसफुसली. थोरली पडद्याकडे बघत राहिली. "एकोणीसच आहे… थांब. मागचा उतरतोय. बेचाळीस. एकेचाळीस. अगं, मागचा उतरतोय!"

"मी पुढच्याला हात लावलाय!"

थोरली खाली उतरून मागे आली. डावं मागचं चाक रस्त्यावर चपटं पसरलेलं होतं. तिने कपाळाला हात लावला. "सर्व्हिसिंगला दिली तेव्हा त्यांनी डावीकडचं पुढचं चाक मागे, मागचं पुढे केलं. हवा मोजणारं यंत्र चाकाबरोबरच गेलं, पण गाडीला ते सांगितलंच नाही वाटतं. आणि मीही तुला सांगितलं नाही."

"म्हणजे हवा आधीपासून मागच्यातच कमी होती. तू पुढचं फुगवत होतीस आणि मी कमी हवेतली उरलेली काढत होते."

"दोघी मिळून चाक मारायला निघालो होतो."

धाकटीला हसू फुटलं. थोरलीला मात्र एकदम रडू आलं. "मला वाटलं, हेही माझ्याच गळ्यात टाकून तू मोकळी झालीस. सगळं मीच बघायचं."

"तू बघू देतेस का मला?" धाकटी हळू म्हणाली. "बाबांच्या गोळ्यांना हात लावला तर लगेच मोजून बघतेस."

गाडीत बाबा खिडकीबाहेर बघत बसले.

स्टेपनी नव्हती. बॅटरीमुळे डिकीत तिला जागाच नसते. तिथे हवा भरायचा छोटा पंप निघाला. त्याची वायर गाडीत लावून त्यांनी मागचं चाक भरलं. पंपाचा काटा चौतीस म्हणत होता, पडदा छत्तीस.

"कुणाचं खरं मानायचं?" थोरलीने विचारलं.

"दोघांचंही थोडं थोडं. चल."

थोडं थांबून त्यांनी पुन्हा पाहिलं, आकडे हलले नव्हते. आत्याच्या गावात शिरताना टायरवाल्याने मागच्या चाकाचा गळका व्हॉल्व्ह बदलला आणि कुठलं चाक कुठे आहे ते गाडीला नीट सांगून दिलं. आत्याच्या दारात बाबा उतरले तेव्हा ती काठी टेकत बाहेरच आली होती. दोघं भावंडं दारातच एकमेकांना उशीर का झाला, प्रकृती कशी आहे, केस किती गेले, असं एकदमच विचारत सुटली.

दुसऱ्या दिवशी परतताना थोरलीने किल्ली धाकटीच्या हातात दिली. बाबांची दुपारची गोळी धाकटीनेच काढून दिली. थोरलीचा हात डबीकडे गेला होता, पण तिने तो आवरला. मग तिने सीट मागे केली, आणि मोठा रस्ता लागायच्या आत तिला गाढ झोप लागली.