विहीणबाईंचं वाफेचं यंत्र

निमिषचं नाक हे सुमित्राबाईंचं राज्य होतं. लहानपणापासून पोराला सर्दीचा जोर. हवा जरा बदलली की नाक बंद, छातीत घरघर, आणि मग नागपूरच्या घरात पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं जायचं. त्यात मूठभर ओवा, वरून जाड सोलापुरी चादर, आणि चादरीखाली मायलेक दोघं. तो पातेल्यावर वाकून वाफ घ्यायचा, त्या पाठीवर हात ठेवून “नाकाने घे, तोंड मीट” म्हणत बसायच्या. नवरा गेल्यावर त्यांनी खानावळ चालवली, त्या खानावळीवर पोराला इंजिनियर केला. पण जेवायला आलेली माणसं ताटकळली तरी चालतील, वाफारा चुकायचा नाही, असा त्यांचा कायदा होता.

आता निमिष अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात. तिथे पाइनची झाडं फार. वसंतात त्यांची पिवळी धूळ गाड्यांवर हळदीसारखी बसते आणि निमिषच्या नाकात जाऊन बसते. दरवर्षी त्याच सुमारास तो आईला तिकीट पाठवायचा. तुम्ही एवढ्या लांब कशाला जाता हो, असं नागपुरात कुणी विचारलं की सुमित्राबाई सांगायच्या, “पोराचं नाक मला विचारल्याशिवाय वाहत नाही.” हे सांगताना त्या पदर सारखा करायच्या.

दोन हजार सात साली मात्र गणित बिघडलं. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला, आणि अधिकाबरोबर पुण्याहून विहीणबाईही आल्या.

अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. सासूने त्याला पाटावर बसवायचं, ओवाळायचं, चांदीच्या निरांजनासह तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. मुलाच्या आईला मात्र ह्या महिन्यात शास्त्राने काहीच दिलेलं नाही. जिने त्या नारायणाला नऊ महिने पोटात वागवला, तिने कडेला उभं राहून बघायचं. सुमित्राबाईंनी बघितलं. शैलजाबाई, म्हणजे सून नेत्राची आई, बँकेतून ऑफिसर होऊन निवृत्त झालेल्या. बॉबकट, पायात पांढरे बूट, फोनवर गोऱ्यांशी फाडफाड बोलणार. अनारशाचं पीठ त्या पुण्याहून घेऊन आल्या होत्या आणि अनारसे जाळीदारही झाले होते, हे सुमित्राबाईंनी एका नजरेत पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही.

निरांजनाच्या जागी ताटात एक खोकं होतं.

“निमिष, तुमच्यासाठी,” शैलजाबाई म्हणाल्या. “नेत्राकडून इंटरनेटवर मागवून घेतलं. कुठेही न्या, डोंगरात न्या, जंगलात न्या.”

खोक्यातून थर्मासएवढं एक यंत्र निघालं. पोर्टेबल व्हेपोरायझर. खाली पेरूएवढी गॅसची बाटली फिरवून बसवायची, मध्ये पत्र्याच्या पोटात ज्योत, वर वाटीभर पाणी, आणि त्यावर नाकातोंडावर धरायची रबरी टोपी. बटण दाबलं की टक् आवाज होऊन दोन मिनिटांत वाफ. निमिषने पाटावर बसल्या बसल्या घेऊन पाहिली आणि डोळे मिटून म्हणाला, “वा, आई.”

सुमित्राबाई स्वयंपाकघराच्या दारातून “काय रे” म्हणत पुढे आल्या. तो आई म्हणाला होता सासूला. लग्नानंतर दोन वर्षं काकू म्हणायचा. काकूची आई कधी झाली, ते त्यांना कुणी कळवलं नव्हतं. हातातलं फडकं तसंच घेऊन त्या परत ओट्याशी गेल्या.

त्यांना राग त्या यंत्राचा नव्हता. पाणी तापवणाऱ्या डबड्यावर काय रागवायचं? पण त्यांनी ते नीट पाहिलं होतं. त्या रबरी टोपीत एकच नाक मावत होतं. चादर लागत नव्हती, पाठीवर हात लागत नव्हता, नाकाने घे म्हणणारं कुणी लागत नव्हतं. ह्या यंत्राला आई लागत नाही, एवढंच त्यांच्या ध्यानात आलं, आणि पुढच्या वसंतातलं तिकीट डोळ्यांसमोरून निघून गेलं.

त्यात नरेंद्रने भर घातली. नरेंद्र निमिषचा ऑफिसातला मित्र, डोंगर चढायचं वेड असलेला. जुलैत आठवडाभर पाठीवर तंबू घेऊन डोंगरात चालायला तो निमिषला दर वर्षी बोलवायचा आणि निमिष नाकापायी दर वर्षी नाही म्हणायचा. ह्या वेळी यंत्र हातात घेऊन नरेंद्र म्हणाला की आता बहाणा संपला, फक्त हे रफ वापराला टिकेल का ते बघ. पडणार, भिजणार, थंडीवाऱ्यात पेटवावं लागणार. मे महिन्याच्या शेवटच्या लाँग वीकेंडला सगळे मिळून कॅम्पिंगला जातोच आहोत, तिथे कळेल.

निमिष आईकडे वळून म्हणाला, “वाफेतलं आईइतकं कुणाला कळतं? आई, तूच पास कर. तू पास म्हणालीस तर जुलैत नेतो, नाही तर नाही.”

एवढ्याने सुमित्राबाईंचा चेहरा जरा सैल झाला. न्यायाधीश त्याच. निकाल त्यांनी तिथेच मनात लिहून टाकला होता, पण पुरावा हवा.

दुसऱ्या दिवशी निमिष ऑफिसला गेला, नेत्रा आईला घेऊन साड्या बघायला गेली. सुमित्राबाईंना बरोबर चला म्हणालीही, पण त्यांचे गुडघे दुखत होते. मोटार वळणाआड गेल्यावर गुडघे दुखायचे राहिले. त्यांनी यंत्र काढलं आणि पेटवून टेबलफॅनसमोर धरलं. पंखा सगळ्यात मोठ्या आकड्यावर. ज्योत पत्र्याच्या पोटात निवांत. मग घरामागच्या लाकडी डेकवरून खाली गवतावर टाकलं. उचलून बटण दाबलं, टक्, पेटलं. गवत मऊ असतं म्हणून गाडी लावायच्या सिमेंटवर टाकलं. एक पोचा आला, पण टक्, पेटलं. बागेतल्या नळीने आंघोळ घातली. पुसलं, टक्, पेटलं. फ्रीजरमध्ये मटारांच्या पिशवीशेजारी झोपवलं. बाहेर काढल्यावर क्षणभर कुरकुरलं, आणि बाईंच्या छातीत आनंद मावेना, तेवढ्यात पेटलं. प्रत्येक वेळी त्या ज्योतीतून विहीणबाईच आपल्याकडे बघून हसतायत असं त्यांना वाटायचं.

त्यांनी हट्ट सोडला नाही. आठवडाभर, घर रिकामं झालं की त्या यंत्र घेऊन बसत. पेटव, विझव, आपट, भिजव, पुन्हा पेटव. संध्याकाळी निमिष विचारायचा, पास का? त्या म्हणायच्या, बघते अजून. शैलजाबाई पेपरातून मान वर करून म्हणायच्या की कंपनीने पाच वर्षांची गॅरंटी दिली आहे. सुमित्राबाई म्हणायच्या, गॅरंटी कागदाची असते, विहीणबाई, नाक माणसाचं असतं.

कॅम्पिंगला निघताना नेत्राने यंत्र पिशवीत टाकलं. एक बाटली अख्खा सीझन पुरते असं खोक्यावर लिहिलं होतं, तेव्हा दुसरी घेण्याचा प्रश्नच नव्हता.

चार तास पश्चिमेला गाडी चालवली की डोंगर लागतात. जागा अशी की गाडी खाली ठेवायची आणि पायवाटेने वर जायचं. नरेंद्र बायकोला घेऊन दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता, शेगडी आणि भांडी त्याच्याकडे. पहिल्या रात्रीपुरत्या पोळ्या, बटाट्याची भाजी, आणि शैलजाबाईंचा मोठा थर्मास. सकाळी डोळा उघडताच चहा लागायचा म्हणून रात्रीच त्यांनी खालच्या हॉटेलातून भरून घेतलेला. कुणालाही हात लावू देत नव्हत्या. रात्रभर पाऊस रिपरिपत राहिला.

उजाडलं ते धुक्यात. मे संपत आला होता तरी दातावर दात. तंबूतून निमिष बाहेर आला तो लाकडाच्या बाकावर येऊन बसला आणि बोलेना. नाक ठार बंद, तोंडाने श्वास, आणि छातीतली ती घरघर. सुमित्राबाईंनी ती सुनेच्या आधी ओळखली. औषधाचा पंप त्याने दोनदा ओढला होता. थोडा वेळ थांबू, नाही तर खाली गाडीत जाऊ, असं त्याने हातानेच सांगितलं. पण त्या चिखलाच्या वाटेने त्याला ह्या दमात कोण उतरवणार?

“वाफ,” शैलजाबाई म्हणाल्या आणि लगबगीने यंत्र काढलं. त्यांचा चेहरा असा फुलला होता की सुमित्राबाईंनी दुसरीकडे पाहिलं.

टक्. काही नाही. टक्, टक्. एक निळी जीभ आली, वाऱ्याने हलली आणि गेली. शैलजाबाईंनी बटण दाबून दाबून अंगठा लाल केला. नेत्रा कागदातल्या सूचना वाचू लागली. शेवटी शैलजाबाई यंत्र हातात घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या. ऑफिसरकीचं सगळं तेज धुक्यात विरून गेलं होतं.

“इतकं बघून घेतलं होतं हो मी,” त्या म्हणाल्या. “डोंगरात चालतं असं लिहिलं होतं.”

आठवडाभर सुमित्राबाई ज्याची वाट बघत होत्या ते हेच. विहीणबाईंचं वाण नापास, जुलै रद्द, तिकीट पक्कं. जिभेवर वाक्य तयार होतं, चांगलं धार लावून ठेवलेलं. त्यांनी लाकडांकडे पाहिलं: सगळी भिजून काळी. ओवा त्यांच्या बटव्यात होता, पण पातेलं नाही, शेगडी नाही. निमिषने बाकाची कड धरली होती आणि त्याचे खांदे प्रत्येक श्वासाला वर जात होते. लहान असताना जायचे तसेच.

त्यांनी ते वाक्य गिळलं. कडू लागलं.

“आणा इकडे,” त्या म्हणाल्या आणि यंत्राखालची बाटली फिरवून काढली, कानाशी धरून हलवली. तळाशी थोडंसं चुळबुळत होतं. “गॅस आहे. थंडीने गोठून बसलाय आत. खानावळीत डिसेंबरात सिलिंडर संपत आला की असंच करायचा मेला. परातीत कोमट पाणी घालून त्यात उभा केला की आणखी दोन वेळचा स्वयंपाक निघायचा.”

“पण बाटली नवीन आहे, अहो आई,” नेत्रा म्हणाली. “संपत कशी येईल?”

“मी जाळली,” सुमित्राबाई म्हणाल्या. “परीक्षा घ्यायची म्हणजे पेपर लागतोच. विहीणबाई, तुमचा चहा गरम आहे का अजून?”

शैलजाबाईंनी थर्मासकडे पाहिलं, मग जावयाकडे, आणि झाकण उघडलं. चहा कोमटच होता. तो थर्मासच्या झाकणाच्या मोठ्या पेल्यात ओतून सुमित्राबाईंनी बाटली परत बसवली आणि यंत्राची खालची बाजू पेल्यात बुडवून धरली. विहिणीचा सकाळचा चहा असा कामी येताना बघून त्यांना त्याही परिस्थितीत थोडं बरं वाटलं, खोटं कशाला बोला. त्यांनी वाटीच्या पाण्यात चिमूटभर ओवा टाकला आणि बटण दाबलं.

टक्. निळी जीभ आली, डळमळली, आणि उभी राहिली.

पण वारा असा की वाफ टोपीत पोचायच्या आत गार. सुमित्राबाईंनी तंबूतलं ब्लँकेट ओढलं, निमिषच्या डोक्यावरून घेतलं आणि स्वतःही आत शिरल्या, ज्योत मात्र बाहेर राहील असं बघून. आतून आवाज आला, “विहीणबाई, ते टोक उडतंय. धरा. नेत्रा, तू तिकडचं.” बँकेच्या निवृत्त ऑफिसर पांढऱ्या बुटांनी चिखलात उभ्या राहून ब्लँकेटचं टोक धरू लागल्या.

आत अंधार होता आणि ओव्याचा वास. एका हाताने पेला ब्लँकेटच्या कडेबाहेर धरायचा, दुसरा हात आपोआप पाठीवर गेला. “नाकाने घे. तोंड मीट.” निमिषने रबरी टोपी बाजूला सारली आणि तशीच वाफ घेऊ लागला. घरघर हळूहळू खाली उतरली. मग त्याने चाचपडत आईचा गुडघा शोधला आणि त्यावर हात ठेवला. चाळिशीला आलेला, टक्कल पडू लागलेला माणूस. पहिलीत होता तेव्हाही तिथेच ठेवायचा.

गॅस संपेपर्यंत दोघं बाहेर आली नाहीत. संपल्यावरही जरा उशिराच आली.

दुपारी नरेंद्र आला. चिखलाने भरलेले बूट, चहात भिजलेलं यंत्र आणि झाडाखाली गाढ झोपलेला निमिष बघून त्याने विचारलं, “काय काकू, पास की नापास?”

शैलजाबाई खाली बघत अनारशांचा डबा उघडत होत्या. सुमित्राबाईंनी आधी यंत्र पदराने पुसून घेतलं. न्यायाधीशाला तेवढा हक्क असतो.

“आपटलं, भिजवलं, काही होत नाही त्याला. पास. जुलैत जाऊ दे त्याला,” त्या म्हणाल्या. “पण भरलेली बाटली न्या, दोन न्या. थंडीत ती उबेला धरावी लागते, वारा असला तर वरून पांघरूण लागतं, आणि पाठीवर हात ठेवून बसावं लागतं कुणीतरी. नरेंद्र, तुला जमणार आहे का ते?”

नरेंद्र म्हणाला की पाठीवर हात ठेवायचं काही जमेल असं वाटत नाही.

“मग जुलैनंतर तो मलाच बोलवेल,” सुमित्राबाई म्हणाल्या.

शैलजाबाईंनी डबा पुढे केला. अधिकाचे अनारसे, जावयाच्या वाणातले. मुलाच्या आईला ते देतात असं कुठल्याच शास्त्रात नाही. सुमित्राबाईंनी एक उचलला, उलटा करून पाहिला.

“खसखस जरा करपली आहे,” त्या म्हणाल्या, आणि दुसराही घेतला.