आमाने विझवलेला स्टो

मित्रांनो, मी एक जुना पितळी स्टो आहे. तीन पाय, फुगीर टाकी आणि पंप मारल्याशिवाय न पेटण्याचा हट्टी स्वभाव. माझा कारखाना मला आठवत नाही. आठवतो तो आंगरूपचा ट्रक. केलाँगहून लेहला भाजी नेणाऱ्या त्या ट्रकमध्ये, सीटमागच्या खोक्यात, मी वीस वर्षं काढली. आंगरूप मला पुसायचा, वेळच्या वेळी पिन मारायचा. घाटात अडकलेले ड्रायव्हर माझ्यावरचा चहा पिऊन माझं कौतुक करायचे. खोटं कशाला बोलू, मी थोडा शेफारलोच होतो.

त्या ऑक्टोबरात आंगरूपची आई ट्रकमध्ये होती. तिला सगळे आमा म्हणत. लेहला तिच्या नातीला मुलगी झाली होती. पणतीचं तोंड बघायला आमा निघाली होती. बारालाचा घाटात दुपारी वारा सुटला आणि बघता बघता रस्ता बर्फाखाली गेला. पुढचे ट्रक दिसेनात. आंगरूपने गाडी थांबवली, मला पेटवलं आणि दारांच्या फटींत लोकरीचे मोजे कोंबले.

चहा झाल्यावर तो मला विझवू लागला, तर आमाने त्याचा हात धरला. बर्फ पडत असताना चूल विझवायची नाही, तिच्यावर काही सांडायचं नाही, नाहीतर चुलीतला देव रुसतो, असा तिच्या घरचा नियम होता.

“आमा, हा स्टो आहे, चूल नव्हे.”

“ऊब देतोय ना तुला? मग चूलच. तुझ्या बापाने बर्फात कधी चूल विझवली नाही, तूच मोठा शहाणा लागून गेलास.”

आंगरूप हसला आणि त्याने मला तसंच राहू दिलं. देव म्हटल्यावर मीही फुशारून जळू लागलो.

पण थोड्या वेळाने माझी निळी ज्योत पिवळी पडली. त्या बंद केबिनमधली चांगली हवा मी खाऊन टाकत होतो. आंगरूपची मान कलली. मला ओरडायचं होतं, मित्रांनो, पण स्टोला फक्त फरफरता येतं. मी फरफरलो.

आमाने जड डोळे उघडले. तिचा सगळा जन्म चुलीपुढे गेला होता, त्यामुळे ज्योतीचा रंग तिला लगेच खटकला. तिने आंगरूपला हलवलं. तो उठेना. क्षणभर ती माझ्याकडे बघत राहिली. मग पातेल्यातला उरलेला चहा तिने माझ्यावर ओतला, मोजे उपटले आणि खांद्याने दार ढकललं. बर्फ आत घुसला. बऱ्याच वेळाने आंगरूप खोकला, तेव्हा ती त्याला कुशीत घेऊन रडली.

तिसऱ्या दिवशी रस्ता मोकळा झाला आणि आमाला पणती भेटली. माझा बर्नर मात्र तडकला होता. आता मी तिच्या घरी फळीवर असतो. ती रोज मला पुसते आणि हात जोडते.

“तुझ्यावर सांडलं रे देवा. राग धरू नकोस.”

राग कसला? मला बोलता आलं असतं तर मीच तिचे पाय धरले असते. ज्यांना जन्मभर ऊब दिली, त्यांचाच मी जीव घेणार होतो.

मित्रांनो, आम्हा स्टो-शेगड्यांना जपा, पुसा. पण कितीही थंडी असली तरी खिडकी थोडी उघडी ठेवा, आणि झोपण्याआधी आम्हाला खुशाल विझवा. आम्ही रुसत नाही.