आत्याचा बिल्ला

मर्यादा ठरवायच्या बैठकीत सगळ्यांत जास्त तोंड मीच वाजवलं होतं. किरणोत्सर्गामुळे रिकाम्या केलेल्या गावात माणसं परत राहायला पाठवायची, तर वर्षाला अंगावर त्याची किती मात्रा चालेल? आमचे साहेब पाच मिलिसिव्हर्टपर्यंत जायला तयार होते. मी एकावर अडून बसले आणि जिंकले. आत्याचं घर त्याच गावात होतं, पण ते स्वच्छ निघणार याची मला खात्री होती.

खात्रीला कारण होतं. सफाईच्या मुकादमाच्या माणसांनी छप्पर धुतलं, अंगणातली वरची माती खरवडून नेली, नवी टाकली. नियमातल्या पाच जागी मी स्वतः मोजलं: दार, स्वयंपाकघर, झोपायची खोली, अंगणाचा मध्य, फाटक. पाचही पास. मग शेवटची परीक्षा, तीन आठवडे फक्त दिवसा येऊन राहायचं, गळ्यात किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला घालून. बिल्ला पास झाला की किल्ली कायमची.

आत्याचा बिल्ला वर्षाच्या हिशेबाने तीनवर गेला.

गाव रिकामं झाल्यापासून आठ वर्षं ती आमच्याकडे राहिली, पण कपाटात कपडे कधी लावले नाहीत, बॅगेतूनच काढायची. साहेब हळूच म्हणाले, घरचंच माणूस आहे, तीनला काय होतंय. मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे मला जमणारं नव्हतं.

आत्याला सांगायला गेले, तर ती माझ्यावरच उखडली. बिल्ला तिने जिवापाड जपला होता म्हणे. भिजू नये, हरवू नये म्हणून आल्या आल्या काढून ठेवायची, ते निघतानाच गळ्यात.

"काढून कुठे ठेवायचीस?"

"मागच्या नळाच्या तोटीला. जाताना हात धुतेच ना मी, मग विसरत नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला आणि मोजयंत्र घेऊन मागे पळाले. तोटी गुडघ्याच्या उंचीवर, आणि तिच्या शेजारीच छपराच्या पन्हळीचा पाइप जमिनीवर उतरलेला. छप्पर धुतलेलं सगळं पाणी तिथेच मुरलं होतं. यंत्र नुसतं कोकलत होतं. माझ्या पाच जागांत ही जागा नव्हतीच.

मुकादमाने तिथली माती पोत्यांत भरून नेली. नवा बिल्ला मी आत्याच्या स्वेटरला शिवूनच टाकला. तीन आठवड्यांनी आकडा आला शून्य पूर्णांक सात.

मोजणीच्या यादीत मी सहावी जागा घातली, पन्हळीखालची. मग आधी पास केलेली अकरा घरं पुन्हा मोजली. नऊ घरांत तीच कथा. शेजारच्यांनी तर नेमका तिथेच नातीचा झोपाळा टांगला होता. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आत्याला सांगितलं, तर ती म्हणाली, तुझ्या नियमाने वागले असते तर कळलंच नसतं.

किल्ली द्यायला गेले तेव्हा तिची बॅग दारातच उघडी होती, रिकामी. कपडे कपाटात गेले होते. मला रडूच फुटलं.

"पुरे गं," आत्या म्हणाली. "मागच्या नळावर हात धू आणि जेवायला बस."

मोजयंत्र गाडीत होतं. ते आणायला मी गेले नाही. हात धुतले आणि आत गेले.