पोहता येतं? हो तर!

"सर, बाईमाणसाने बोटीच्या चाकाला हात लावला, तर बोट बुडते का हो?"

प्रश्न विचारून अमिषा खाली बसली नाही. उभीच राहिली, कमरेवर हात ठेवून. बसली असती तर पैज हरली असती. नेत्रा आणि क्रांतीने तसं ठरवूनच दिलं होतं: प्रश्न पूर्ण विचारायचा, उत्तर मिळेपर्यंत उभं राहायचं आणि मध्ये फिसकन हसायचं नाही. जमलं तर विज्ञानाची प्रयोगवही महिनाभर त्या दोघी लिहिणार.

किहीमच्या शाळेच्या त्या लांबट वर्गात 'दहावीनंतर काय?' चालू होतं. बँकेचे साहेब बोलून गेले होते, नर्सिंगच्या मॅडम बोलून गेल्या होत्या आणि मुलं डोळे उघडे ठेवून झोपायची कला पणाला लावून बसली होती. मग मांडव्याहून गाड्या आणि माणसं मुंबईला नेणाऱ्या रो-रो बोटीवरचे प्रज्योत सर उठले. पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या. आणि तेवढ्यात हा प्रश्न.

वर्ग असा काही हसला की कौलांवरचे कावळे उडाले. वर्गाच्या बाईंनी डोळे मोठे केले. वर्षभरापूर्वीची अमिषा त्या डोळ्यांनीच बाकाखाली गेली असती. पण गॅदरिंगच्या दिवशी निवेदन करणारा मुलगा स्टेजवर 'आता आपल्यासमोर' एवढं म्हणून थिजला, तेव्हा पडद्यामागे दोरी धरून उभ्या असलेल्या अमिषाने दोरी सोडली आणि माईक धरला. पडदा धाडकन पडला तो पडला, पण माईक काही तिच्या हातातून नंतर सुटला नाही. आता माईक नसला तरी ती असल्यासारखीच बोलते, असं नेत्राचं म्हणणं.

"कोण म्हणतं बुडते?" सरांनी विचारलं. ते हसत नव्हते.

"सगळेच म्हणतात. आमची पणजी म्हणायची. मासेमारीच्या होडीत बाईने पाय ठेवायचा नाही म्हणे."

"बोटीला हात कुणाचा ते कळत नाही," सर म्हणाले. "हात कच्चा आहे की पक्का, तेवढं मात्र बरोबर कळतं. तुला पोहता येतं?"

"हो तर!" अमिषा म्हणाली.

तोंडातून गेलंच ते. बाण सुटावा तसं.

"आणखी कुणाकुणाला येतं?"

अख्ख्या वर्गाचे हात वर. नेत्राचा, क्रांतीचा, मागच्या बाकावर खरोखर झोपलेल्या शुभमचासुद्धा. त्याला शेजाऱ्याने कोपर मारलं होतं. समुद्राच्या गावची पोरं ती, मला पोहता येत नाही असं कोण सांगणार? मासे खाता येत नाहीत असं सांगण्यासारखंच की ते!

खरी गोष्ट वेगळी होती. किहीमला पाण्यात उड्या मारतात ते पुण्याचे पाहुणे. गावची पोरं वाळूत उभी राहून त्यांचे कपडे सांभाळतात. अमिषाच्या घरचा नियम तर दगडावर कोरलेला: पाणी घोट्यापर्यंत. घोट्याच्या वर पायजम्याचा काठ ओला दिसला की आई, म्हणजे कमळताई, नुसती झाडूकडे बघायची.

"शाब्बास," प्रज्योत सर म्हणाले. "मग या रविवारी प्रश्न विचारणारीने मांडव्याला यायचं. सोबत दोन मैत्रिणी. चाक दाखवतो."

बाईंनी घरी फोन केला, त्यामुळे परवानगी मिळाली. बाबा जेवताना म्हणाले, "बघून ये. बघायला काय जातंय? पण तुझं ठरलंय हां अमू. कॉमर्स, मग बँक. डोक्यावर पंखा, पायाखाली लादी. समुद्राचं मला नको सांगूस, आठवड्यातून तीनदा टेम्पो घेऊन ओलांडतो मी तो."

बाबांचा, म्हणजे रामचंद्र पाटलांचा, टेम्पो होता. इकडून नारळ आणि पांढरे कांदे भरून मुंबईला न्यायचा आणि तिकडून जे मिळेल ते आणायचं. पूर्वी ते रस्त्याने वडखळवरून जायचे, आता रो-रोवरून. त्यांच्या बोलण्यात समुद्र म्हणजे एखाद्या पुलासारखा होता, टोल भरायचा आणि पलीकडे जायचं.

रविवारी तिघी बोटीवर चढल्या. खाली गाड्यांच्या रांगा, वर प्रवासी आणि सगळ्यांत वर ती काचेची खोली. अमिषाला वाटलं होतं, चाक बैलगाडीच्या चाकाएवढं असेल. ते निघालं पुरणपोळीएवढं.

"एवढंसं?" ती म्हणाली.

"एवढ्यानेच वळते," सर म्हणाले.

बोट धक्क्यापासून सुटली. अमिषाने मागे पाहिलं आणि तिची बडबड गॅदरिंगनंतर पहिल्यांदा आपणहून थांबली. जन्मापासून तिने समुद्र गावातून पाहिला होता. गाव समुद्रातून कधी पाहिलंच नव्हतं. अख्खा किनारा, एवढाली घरं, शाळा, झाडूवाली आई, हे सगळं मिळून माडांची एक हिरवी रेघ झालं होतं. पेन्सिलीने ओढावी तशी. आणि समोर नुसतं मोकळं. आतापर्यंत पैज होती. आता तिला ते चाक हवंच झालं, पोटातून हवं झालं.

"ए, तो तुझ्या बाबांचा टेम्पो ना?" क्रांतीने खाली बोट दाखवलं.

होता खरा. बाकी सगळे ड्रायव्हर गाड्या सोडून वर चहा प्यायला आले होते. बाबा मात्र टेम्पोत. काचा वर. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलेलं, नजर सरळ पुढे, जणू अख्खी बोट तेच चालवत होते! एक लाट आली, बोट जराशी डुलली आणि बाबांनी ब्रेक दाबला. टेम्पोच्या मागचे लाल दिवे लागले तेव्हा नेत्रा हसत हसत खाली बसली.

अमिषाला हसू आलं नाही. आठवड्यातून तीनदा, तिच्या मनात आलं. तीनदा जाताना आणि तीनदा येताना.

तिने वळून सरळ सांगून टाकलं, "सर, मला पोहता येत नाही. खोटं बोलले मी."

"माहीत आहे," प्रज्योत सर म्हणाले. "मी रेवसचा. आमच्या वर्गातही सगळे हात वर गेले होते, त्यात एक माझा होता. मग ट्रेनिंगला पहिल्याच दिवशी विचारलं, कुणाला येतं? म्हटलं, मला! येत नाही म्हणतो त्याला शिकवतात, येतं म्हणतो त्याला ढकलतात. मला ढकललं."

"मग?"

"नाकातोंडात पाणी घेऊन शिकलो. तू जरा आधी शीक. बारावी सायन्स लागेल, गणित आणि भौतिकशास्त्र पक्कं. मग बोटीवरच्या ट्रेनिंगची परीक्षा. डोळे चांगले हवेत. आणि पुन्हा हात वर करशील तेव्हा खरा कर."

मग दहावीची परीक्षा आली, अभ्यास आला, भूगोलाचा पेपर आला आणि गेला. प्रयोगवही नेत्राने लिहिली, क्रांतीने आकृत्या काढल्या, त्यात बेडकाचं हृदय उलटं निघालं. शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अमिषा शेजारच्या पोफळीच्या वाडीत गेली.

वाडीचे मालक मुंबईला असत. शिंपणं करायची मनुबाई. सत्तरीची, काटकुळी, आवाज मात्र भोंग्यासारखा. वाडीत पायऱ्यांची विहीर होती आणि त्या विहिरीत मनुबाईने एकेकाळी अर्ध्या आळीला पोहायला शिकवलं होतं. पुढे घराघरात नळ आले, पोरांच्या हातात मोबाइल आले आणि विहिरीकडे कुणी फिरकेना.

"तुझ्या आयशीला म्हाईत हाय?" मनुबाईने पहिला प्रश्न केला.

"सांगणार आहे. आधी येऊ दे."

"मंजे न्हाय." मनुबाईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कशाला शिकायचं हाय गो?"

"बोट चालवायचीय."

म्हातारी एवढी हसली की कळशी सांडली. मग उठून तिने पडवीतून दोन सुके असोले नारळ आणले, दोन्हींच्या सोडणाची, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालीची, एकेक पट्टी ओढली आणि नारळांची एकमेकांशी गाठ मारली. "हे घे. छातीखाली धर. तुमचे ते ट्यूबबीब पंक्चर व्हतात. हे व्हत न्हाईत."

पहिला आठवडा अमिषा पोहली नाही, तिने पाण्याशी मारामारी केली. हात इकडे, पाय तिकडे, तोंडाने अखंड "बुडाले, बुडाले!"

"बुडनारं मानूस एवढं बोलत न्हाय," मनुबाई पायरीवरून ओरडायची. "गप ऱ्हा! पान्याशी भांडतेस कशाला, ते काय तुझी सासू हाय?"

सगळ्यांत अवघड होतं ते हेच, गप्प राहणं. गप्प राहिली की श्वास लयीत यायचा आणि श्वास लयीत आला की पाणी हलकेच वर उचलायचं. दुसऱ्या आठवड्यात नारळ छातीखालून पोटाखाली गेले. तिसऱ्यात त्यांची गाठ सुटली आणि एकच नारळ उरला. रोज घरी जाताना केस पंचाने करकचून पुसायचे आणि आईने विचारलं तर सांगायचं, "न्हायले." तेही काही अगदी खोटं नव्हतं.

निकाल लागला त्याच आठवड्यात एका सकाळी तिने तो उरलेला नारळ स्वतःच पायरीवर ठेवला.

"आज न्हाय म्हटलं होतं मी," मनुबाई म्हणाली.

"मी म्हणते ना!"

या पायरीपासून समोरच्या भिंतीपर्यंत बारा हात. तिने भिंतीला हात लावला, वळली आणि परत आली. भिंतीपाशी थोडं पाणी प्यायली, पण बोलली नाही. मनुबाई पायरीवर उभी होती, तिच्याकडे बघत नसल्यासारखी.

"उद्या दोन फेऱ्या," एवढंच म्हणाली. मग दोन्ही नारळ तिच्या हातात दिले. "घेऊन जा. आयशीला सांग, सोलून खोबरं कर. मी दिले म्हनून सांग."

अमिषा घरी आली तेव्हा केस पुसायचे राहूनच गेले होते. पाण्याचे थेंब ओटीवर टपकत होते. बाबा नवा शर्ट घालून, तिची गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन निघण्याच्या तयारीत होते. अलिबागला ओळखीच्या माणसाकडे अकरावीचा फॉर्म भरायचा होता. आई डबा बांधत होती. तिने ओले केस पाहिले, नारळ पाहिले आणि तिची नजर सवयीने झाडूकडे गेली.

"समुद्रात गेली होतीस?"

"विहिरीत. मनुबाईच्या. परीक्षा संपल्यापासून जातेय. तो झाडू नंतर घे गं आई, आधी ऐक. बाबा, तुम्ही पण बसा."

"अगं, एसटी निघेल..."

"पुढची आहे. बसा."

त्या आवाजाला दोघंही बसले. अमिषाने दोन्ही नारळ त्यांच्यामध्ये ठेवले. माईक नव्हता, पडदा नव्हता, पैजही नव्हती.

"मला पोहता येतं," ती म्हणाली. "आता खरंच येतं, उद्या येऊन बघा. फॉर्मवर कॉमर्स लिहायचं नाही, सायन्स लिहायचं. दोन वर्षं गणित घासणार, मग बोटीची परीक्षा देणार आणि बोट चालवणार. मी ठरवलंय. आणि बाबा, ज्या दिवशी रो-रोचं चाक माझ्या हातात असेल ना, त्या दिवशी तुम्ही टेम्पोतून उतरायचं आणि वर माझ्याकडे काचेच्या खोलीत यायचं. लाइफ जॅकेट घालून आलात तरी चालेल."