मुक्त खेळाची तालीम

आधीच सांगते, हसायचं असेल तर शेवटी हसा. मध्येच खुदखुदलेलं मी मुलांचं चालवून घेत नाही, तर तुमचं काय घेणार?

मी जया ओव्हाळ, अंगणवाडी सेविका. नारायण पेठेत एका गणपती मंडळाच्या हॉलमध्ये आमची अंगणवाडी भरते. अर्धा हॉल मंडळाच्या ढोल-ताशा पथकाचा, अर्धा आमचा. त्यांचे ढोल भिंतीला रचलेले आणि आमची मुलं सतरंजीवर. बावीस वर्षं मी याच सतरंजीवर बसतेय. माझ्याकडे शिकलेला एक जण आता त्या पथकात ताशा वाजवतो. मला बघितलं की अजूनही काड्या पाठीमागे लपवतो.

माझ्या जोडीला मदतनीस जिनत. मोमीनपुऱ्यातून चालत येते, खिचडी छान करते आणि तोंडाने फटकळ आहे. आमचं त्यामुळेच जमतं.

तर गेल्या उन्हाळ्यात आमच्या सुपरवायझर बाईंनी बैठकीत सांगितलं की आता बालशिक्षणाचा प्रमाणपत्र कोर्स सगळ्यांना करावा लागेल. जी पास होणार नाही, तिचा शिकवण्याचा वर्ग दुसऱ्या प्रशिक्षित बाईकडे जाईल. तिच्याकडे फक्त वजनकाटा आणि आहाराचं काम राहील.

पगार तोच राहणार होता, त्याचं काही नाही. पण मुलं दुसऱ्या कुणाच्या तरी भोवती बसणार आणि मी कोपऱ्यात त्यांना काट्यावर चढवणार-उतरवणार? मी काय भाजीवाली आहे?

"भाजीवालीला निदान भाव तरी ठरवता येतो," जिनत म्हणाली. ही माझी धीर देणारी मैत्रीण.

कोर्स दर रविवारी सदाशिव पेठेतल्या एका शाळेत. बाकं पहिलीच्या मुलांची. आम्ही पन्नाशीच्या बायका त्यात शिरायचो कशाबशा, पण निघताना एकमेकींना ओढून काढावं लागायचं. शिकवायला दीपाली मॅडम. माझ्या मुलीच्या वयाच्या, केस बारीक कापलेले, आवाज एवढा मऊ की पहिल्याच तासाला माझा डोळा लागला.

दुसऱ्या तासाला मात्र खडबडून जागी झाले, कारण मॅडम म्हणाल्या, "ताई, 'हाताची घडी, तोंडावर बोट' हे आजपासून बंद."

"मग मुलं गप्प कशी बसायची?" मी विचारलं.

"गप्प का बसायची?"

घ्या!

पुढे त्यांनी मुक्त खेळ शिकवला. म्हणजे मुलांना साहित्य द्यायचं आणि बाईंनी मध्ये लुडबुड करायची नाही. नुसतं बघायचं. मुलाने काही विचारलं तर उत्तर न देता "तुला काय वाटतं?" म्हणायचं. एकदा त्यांनी मलाच विचारलं, "जयाताई, तुमची स्वतःची एखादी पद्धत सांगा ना. बावीस वर्षं करताय." मी मान खाली घातली. माझी कसली आलीय पद्धत? मूल रडलं तर उचलायचं, सांडलं तर पुसायचं.

लेखी परीक्षा झाली. कशी झाली ते विचारू नका, पण निभावली. आता राहिला पाठ. दीपाली मॅडम स्वतः अंगणवाडीत येऊन तासभर मुक्त खेळ बघणार आणि त्यावर पास-नापास ठरणार. माझा जीव टांगणीला लागला. मुलांना मोकळं सोडायचं आणि ती काय करतील त्यावर माझा वर्ग राहणार की जाणार? अहो, आमचा अर्णव मोकळा सुटला की थेट ढोलावर चढतो!

पाठाचं कळलं त्याच संध्याकाळी पथकाची मुलं सराव संपवून ढोल ठेवायला आली. दोन महिने रोज सराव करतात, तेव्हा मिरवणुकीत हात चुकत नाही. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तालीम करायची! बावीस वर्षांत माझं एकही स्नेहसंमेलन पडलेलं नाही. नाच बसवते, नाटुकली बसवते, तर मुक्त खेळ बसवायला काय होतंय?

दुसऱ्या दिवसापासून सुरुवात. अर्णवने ठोकळा ओढून म्हणायचं, "हा माझा आहे!" अलिझाने म्हणायचं, "आपण वाटून घेऊ." फैझलने पूल बांधायचा, तो पाडायचा आणि मला विचारायचं, "बाई, हा पूल का पडला?" मी म्हणायचं, "तुला काय वाटतं?" त्याने डोकं खाजवून सांगायचं, "खाली जड ठोकळा पाहिजे." दीक्षाने भातुकली मांडायची.

दीक्षाला भातुकली आवडत नाही, पण सगळ्यांचे संवाद तिचेच पाठ झाले. कुणी अडखळलं की ही पोर ओठ हलवून दाखवायची. चुकलं की मी पहिल्यापासून घ्यायला लावायचे. "अरे मोकळेपणाने खेळ की मेल्या!" असं मी अर्णववर इतक्यांदा ओरडले की जिनत खिचडीचा डाव हातात घेऊनच बाहेर आली.

"जयाताई, हे मॅडमना कळणार नाही का?"

"तू फोडणी बघ."

"ती बघतेच आहे. जळाली तर वास मला येतो, तुम्हाला येत नाही," असं म्हणून ती आत गेली.

पाठाचा दिवस उजाडला. मी इस्त्रीची साडी नेसले. मॅडम आल्या, चपला बाहेर काढून सतरंजीच्या कडेला मांडी घालून बसल्या, पर्स शेजारी ठेवली. "चला ताई, तुमचं नेहमीसारखं चालू द्या."

मी हळूच टाळी वाजवली. मुलं आपापल्या जागी गेली. इतकी शहाण्यासारखी गेली की मलाच संशय आला.

फैझलने पूल बांधला. आणि त्या दिवशी, काय दुर्बुद्धी आठवली कोण जाणे, जिवापाड मन लावून बांधला. पूल हलेना. फैझल त्याच्याकडे कौतुकाने बघत बसला. त्याला तो पाडवेना.

"पाड ना!" दीक्षा दातओठ खाऊन कुजबुजली.

फैझल गडबडला. पूल तसाच उभा, आणि त्याने मोठ्याने विचारलं, "बाई, हा पूल का पडला?"

आणि मी? मी तरी पुलाकडे बघायचं की नाही! सवयीने तोंडातून निघून गेलं, "तुला काय वाटतं?"

फैझलने पुलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "पडलाच नाहीये."

"असं नाही म्हणायचं!" दीक्षा ओरडली. "'खाली जड ठोकळा पाहिजे' म्हण!"

सगळं फिसकटतंय हे बघून अर्णवला वाटलं आता आपणच वाचवायचं. हाताशी ठोकळा नव्हता, म्हणून त्याने मॅडमची पर्स ओढली. "ही माझी आहे!"

"आपण वाटून घेऊ," अलिझा लगेच म्हणाली आणि तिने चेन उघडली.

मी कपाळावर हात मारून घेतला. आतून जिनतच्या हसण्याचा आवाज आला. मग पातेलं मुद्दाम जोरात आपटल्याचा आला.

मॅडमनी शांतपणे पर्स परत घेतली. "ताई, कधीपासून तालीम चाललीये?"

मी काही बोलायच्या आत दीक्षाने सांगून टाकलं, "रोज! चुकलं की पहिल्यापासून!"

"बसवलेला मुक्त खेळ मी आज पहिल्यांदाच बघितला," मॅडम म्हणाल्या. आवाज तसाच मऊ, म्हणून जास्त लागलं. "याला मी पास कसं म्हणू, तुम्हीच सांगा."

मला वजनकाटाच दिसायला लागला.

मॅडमनी घड्याळात बघितलं. "पाठाची वेळ अजून संपलेली नाही. आता एक करा. तुम्ही तिकडे ढोलाशेजारी बसा आणि काहीही करू नका. खरंच काहीही नाही."

मी जाऊन बसले. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या हॉलमध्ये मला काही काम नव्हतं. मुलं गोंधळली. बाई गप्प? बाई ओरडत नाहीत? अर्णव ढोलावर चढला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी साडीच्या काठाशी चाळा करत, जीभ चावून बसून राहिले. कशी बसले ते माझं मला माहीत.

तेवढ्यात दीक्षाने खुंटीला अडकवलेली माझी शाल ओढून खांद्यावर घेतली. माझ्यासारखा चष्मा म्हणून बोटांची वर्तुळं डोळ्यांना लावली.

"मी जयाबाई. सगळे बसा. मॅडम येणारेत. मेल्या अर्णव, उतर खाली! मोकळेपणाने खेळ!"

हुबेहूब माझा आवाज. माझं तोंड शरमेने लाल झालं. फैझल म्हणाला, "मी मॅडम," आणि मांडी घालून ऐटीत बसला. अर्णव मुकाट खाली उतरला. माझ्या सांगण्यावरून हा मुलगा एकदाही उतरला नव्हता!

"मी नवीन," अलिझा म्हणाली. "मी रडतेय. मला घरी जायचंय." आणि खरोखर भोकाड पसरलं.

मला वाटलं, आता दीक्षा हिला दरडावणार. पण दीक्षा तिच्याजवळ उकिडवी बसली. शालीच्या टोकाने तिचं नाक पुसलं. एक लाल ठोकळा उचलून तिच्या हातात दिला.

"ही शाळेची किल्ली. तू सांभाळ हां. हरवली तर उद्या शाळा कशी उघडायची?"

अलिझाचं रडणं थांबलं. तिने ठोकळा मुठीत धरला आणि गंभीर होऊन बसली.

मॅडमनी माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "हे तालमीतलं?"

"नाही हो," मी म्हटलं. "नवीन मूल रडायला लागलं की मी हॉलची किल्ली त्याच्याकडे देते. किल्ली सांभाळायची असली की रडायला वेळ मिळत नाही. आणि दुसऱ्या दिवशी यावंच लागतं."

"मी वर्गात विचारलं होतं तुमची पद्धत. तेव्हा का नाही सांगितलंत?"

"ही काय पद्धत आहे? ही तर किल्ली आहे."

मॅडम पहिल्यांदा हसल्या. "बावीस वर्षं मुलं तुम्हाला बघतायत, ताई. तुम्ही पण कधीतरी त्यांना बघा की. मी एवढंच शिकवत होते."

मला खूप काही बोलायचं होतं, पण दीक्षाबाई आमच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"मागे कोण बोलतंय? हाताची घडी, तोंडावर बोट!"

मी निमूट घडी घातली. मॅडमनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा दीक्षाकडे, आणि आपणच बंद केलेलं ते बोट त्यांनी स्वतःच्या तोंडावर ठेवलं.

आता विचारायचं कसं? मी नुसत्या भुवया वर केल्या, म्हणजे पास का नापास? मॅडमनी बोट न काढता मान हलवली. उभी. दोनदा हलवली, माझ्या लक्षात आलं नसेल म्हणून.

मग मात्र मला आवरलं नाही. उन्हाळ्यापासून धरून ठेवलेलं सगळं घळाघळा वाहायला लागलं. दारात जिनत उभी होती, तिने तोंड फिरवलं आणि डोळ्यांत फोडणीचा धूर गेल्याचं नाटक केलं. चूल तर कधीच विझली होती.

दीक्षा माझ्याजवळ आली. शालीच्या टोकाने माझं नाक पुसलं, चांगलं खसाखसा. मग अलिझाकडून लाल ठोकळा मागून घेतला आणि माझ्या हातात दिला.

"रडायचं नाही. ही किल्ली सांभाळ. हरवली तर उद्या शाळा कशी उघडायची?"

मी ठोकळा मुठीत घट्ट धरला आणि म्हटलं, "हो, बाई."