तक्त्याखालची कापलेली पट्टी

गेली नऊ वर्षं मी फिजिओथेरपिस्ट आहे. पक्षाघाताने लुळा पडलेला हात पुन्हा चालता करणं, हे माझं काम. व्यायामाच्या खोलीत हाताच्या व्यायामांचा एक मोठा तक्ता मीच करून लावला होता. मूठ उघडण्यापासून पेला उचलण्यापर्यंत बारा चित्रं. इंटरनेटवर मिळालेली, कुणीही वापरावीत अशी खुली. इतकी नेमकी की मला फारसं बोलावंच लागायचं नाही.

एक काका यायला लागले. उजवी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. फाइलीत ‘निवृत्त शिक्षक’ एवढंच. जावई दारात सोडून कामावर जायचे.

पहिल्याच दिवशी तक्ता बघून काकांनी घशातून आवाज काढला आणि डाव्या हाताचं बोट तक्त्याच्या तळाशी रोखलं.

“पेला ना? तो शेवटी. आधी मूठ.”

त्यांनी जोरजोरात मान हलवली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. एकदा तर टेबलावर हात आपटला. “असं चिडायचं नाही हं, काका,” मी लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले आणि फाइलीत लिहिलं : लक्ष टिकत नाही.

तिसऱ्या आठवड्यात काकू आल्या. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे इतके दिवस घरातच होत्या. काठी टेकत आत आल्या आणि तक्त्यासमोर थबकल्या.

“अगंबाई! ही तर ह्यांची चित्रं!”

मी हसले. “नेटवरची आहेत, काकू.”

“मग नेटवर ह्यांनीच नाही का टाकली! सासूबाईंना झटका आला होता, तेव्हा त्यांचा हात समोर ठेवून काढलेली. ही वाकडी करंगळी बघा, त्यांचीच. कुणीही घ्या म्हणाले, फक्त नाव असू द्या.” त्या तक्त्याजवळ वाकल्या. “पण नाव खाली असतं. ते कुठं गेलं?”

नाव होतं. खालच्या पट्टीत, बारीक अक्षरात. फ्रेममध्ये बसेना म्हणून मीच ती पट्टी कापली होती.

काका माझ्याकडे बघत होते. तीन आठवडे हा माणूस जिवाच्या आकांताने स्वतःचं नाव सांगत होता, आणि मी त्यांनाच त्यांची चित्रं समजावून देत होते. त्या खोलीत वाचा गेलेले आता आम्ही दोघं होतो.

कशीबशी “चुकले, काका” म्हणाले. मग मूळ पान उघडून अटी पहिल्यांदाच वाचल्या. चारच ओळी : चित्रकाराचं नाव द्या, मूळ पानाचा पत्ता द्या, वापराचा परवाना कोणता ते लिहा, काही बदललं असेल तर तेही सांगा. दोन मिनिटांचं काम.

नवा तक्ता लागला तेव्हा काकांनी खालची ओळ सावकाश वाचली. मग त्यांचं बोट पुन्हा तळाशी गेलं. या वेळी मी आधी विचारलं, “काय राहिलं, काका?” नावातली एक वेलांटी चुकली होती, ती त्यांनी दाखवली.

मग भिंतीवरचे बाकीचे सात तक्ते तपासायला बसले. तीन तक्त्यांचे चित्रकार सापडले, त्यांची नावं खाली घातली. चारांचे काही केल्या सापडेनात. ते चार तक्ते मी उतरवले.

“भिंत उघडी का हो, मॅडम?” पेशंट विचारतात. मी खरं ते सांगते. सांगताना अजून कान तापतात.